लाल अधिक हिरवा

लाल आणि हिरवा रंग मिसळला की तपकिरी होतो, हे मी टेंभुर्णीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून अर्धी हयात शिकवलं आणि एकाही पालकाची तक्रार आली नाही. हरकत घेतली ती आमच्या घरातल्या कॉम्प्युटरनं!

तो घेतला होता आमच्या मुलीच्या, वैशालीच्या कोर्ससाठी. त्यात कोड्यांचा एक गेम होता. पडद्यावर रंगीत दिवे आणि आरसे. आरसे फिरवून उजेडाची तिरीप काचेच्या गोळ्यावर पाडायची. गोळ्याला हवा तो रंग मिळाला की पुढचं कोडं. एका दुपारी मी सहज बसलो. (सहज म्हणजे जेवण गार होईपर्यंत.) पिवळा गोळा काही केल्या पेटेना, कारण पिवळा दिवाच नव्हता! वैशालीनं येऊन त्यावर लाल आणि हिरवी तिरीप एकत्र पाडली. गोळा पिवळाधमक!

"चूक!" मी ओरडलो.

"बाबा, पुढचं कोडं आलं की."

"चुकीच्या उत्तरावर पास करतं? असलं यंत्र माझ्या घरात नको!"

तडक नवीन जालन्याला गेलो, दुकानदाराला धरलं.

"सर, बिलकुल नवं मशीन हाय. रंग बराबर दिसून राह्यले ना?"

"दिसतात बरोबर. मिसळतात चूक!"

त्यानं बराच विचार केला आणि मला पडदा पुसायचं फडकं फुकट दिलं. फडकं! मला!

मी असा धुमसत असतानाच केदारखेड्याहून वैशालीला पाहायला पाहुणे आले. मुलगा संतोष, शाळेत विज्ञान शिकवणारा. सोबत आई आणि पांढऱ्याशुभ्र धोतरातले वडील. "रंगाचा विषय काढाल तर बघा," असं बायकोनं आधीच बजावलं होतं. मी पोहे संपेपर्यंत तोंड आवरलं. (तोंडात पोहे होते.) मग म्हणालो, "मुलीला सगळे विचारतात. आता मुलाला एक प्रश्न. लाल आणि हिरवा मिळून काय?"

"रंग का उजेड?" संतोषनं विचारलं.

"प्रश्नाला प्रश्न नको!"

"मंग उजेड असंल तर पिवळा."

वैशाली पदराआड हसली. घरचा भेदी! माझं डोकं भणाणलं. "सिद्ध करा!"

भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावल्या. संतोषनं दोन बॅटऱ्यांना माझ्याच पेटीतले लाल-हिरवे जिलेटिन कागद गुंडाळले. मीही माझा पुरावा तयार ठेवला: एका वाटीत लाल रंग, दुसरीत हिरवा, चांगले पातळ कालवून.

काळोखात संतोषची आई म्हणाली, "काय चालू हाय हे? पोरगी पाह्यची का भूत?"

तेवढ्यात दोन्ही झोत भिंतीवर एकत्र आले. पिवळा! माझ्या घराच्या, मी स्वतः चुना मारलेल्या भिंतीवर पिवळा! भिंतही फितूर!

"थांबा, आता माझा प्रयोग!" म्हणत मी दोन्ही वाट्या घेऊन झेपावलो. मधे पोह्यांची बशी होती. ती मला दिसली नाही, मी तिला दिसलो नाही.

बायकोनं सतरंजी ओढली. उजेड आला. संतोषच्या वडिलांच्या धोतरावर मांडीपासून गुडघ्यापर्यंत लाल आणि हिरवा ओघळत होता आणि जिथं दोन्ही एकमेकांत उतरले होते तिथं...

"तपकिरी!" मी आनंदानं किंचाळलो. "बघा, बघा! तपकिरी!"

कोणी बघितलं नाही. बायकोनं डोळे मिटून घेतले होते. वैशाली रडायच्या बेतात होती. पोरीचं ठरत आलेलं लग्न त्या धोतरातून फरशीवर ठिबकत होतं, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

संतोषच्या वडिलांनी धोतराचा सोगा फरशीवर पिळला. मग म्हणाले, "मास्तर, पोराचंबी बराबर, तुमचंबी बराबर. आता मला नेसायला काही देता, का असाच जाऊ?"

ते माझी चौकड्याची लुंगी नेसून केदारखेड्याच्या एसटीत बसले. चार दिवसांनी निरोप आला: पोरगी पसंत. बापाबद्दल निरोपात अवाक्षर नव्हतं!

लग्न थाटात झालं. पण पत्रिकेपासून मांडवाच्या झालरीपर्यंत एकाही गोष्टीचा रंग ठरवताना मला, चित्रकलेच्या मास्तराला, कोणी विचारलं नाही. वर हळदीच्या दिवशी मी हौसेनं पुढं झालो, तर बायको भर मांडवात ओरडली, "अगं बायांनो, ह्यांच्या हातात वाटी देऊ नका!"

आणि अख्ख्या वऱ्हाडात एकालाही 'का?' असं विचारावंसं वाटलं नाही!