अब्बांचा नो-बॉल

माझ्या बॉलिंगमधला दोष पहिल्यांदा सापडला तो शर्टाच्या बाहीत. अब्बांचं तळोद्यात शिलाईचं दुकान आहे आणि आमच्या घरात कपड्यापुढे कुणाची साक्ष चालत नाही. माझ्या उजव्या बाहीला कोपरात चुणी पडते, डावीला पडत नाही, हे त्यांनी इस्त्री करताना पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला: पोरगा बॉल टाकत नाही, फेकतो.

क्रिकेटमध्ये फेकणं म्हणजे चोरीच. कोपर वाकवून झटका दिला की तो नो-बॉल. पण टेनिस बॉलच्या गावठी स्पर्धांत एवढं कोण बघतं? अब्बा बघायचे. दर रविवारी ते पंच असत, स्वतः शिवलेला पांढरा कोट घालून. 'हा माणूस सख्ख्या पोरालाही सोडत नाही' अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी माझ्याच जिवावर कमावली होती.

पहिल्या सामन्यात, माझ्या पहिल्याच ओव्हरला, त्यांनी उजवा हात आडवा केला तो खाली घेतलाच नाही. टाकला, नो-बॉल. पुन्हा टाकला, नो-बॉल. ओव्हर संपेना. शेवटी आमच्या कॅप्टनने हात जोडले.

"चाचा, एक तरी बॉल धरा ना!"

"त्यान्हा हात वाकस," अब्बा म्हणाले. "मी काय करू?"

मग मी गावच बदललं. ब्राह्मणपुरीच्या एका संघाला बॉलर हवा होता. येण्याजाण्याचं भाडं, दोन प्लेट भजी आणि जिंकलो तर पपईचं एक क्रेट, असा माझा पहिला करार झाला. व्यावसायिक खेळाडू म्हणतात तो मी त्या दिवशी झालो. टॉस झाला, पंच मैदानात आले आणि बघतो तर काय, पांढरा कोट! आयोजकांना कडक पंच हवा होता म्हणे. अब्बांनी मला ओळखसुद्धा दाखवली नाही. ते क्रेट आम्ही लांबूनच पाहिलं.

त्यानंतर मी चिंचपाड्याची स्पर्धा निवडली. लांब होती, आणि बक्षीस बोकड होता. घरी सांगितलं, मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. आमच्या संघाने तर मसाला आधीच वाटून आणला होता. सामना सुरू व्हायच्या जरा आधी एसटी थांबली आणि अब्बा उतरले. हातात कोटाची पिशवी.

"लगीन कोठे शे?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी बोकड दुसऱ्या संघाबरोबर निघाला आणि जाताना वळून वळून माझ्याकडे बघत होता. तुम्हाला हसू येत असेल, मला रडू आलं होतं. परतीच्या एसटीत आम्ही बापलेक तळोद्यापर्यंत एकाच सीटवर बसून आलो. बोकड गेला तर गेला. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या माणसाने माझा बॉल चांगला म्हणावा, एवढंच मला हवं होतं.

नंदुरबारच्या कॉलेजात एक क्रीडा शिक्षक होते. त्यांच्याकडे बेसबॉलचं सगळं सामान होतं आणि फेकणारा नव्हता. मी भीतभीत विचारलं, "सर, कोपर वाकवून फेकलं तर चालेल का?" ते म्हणाले, "न वाकवता कसा फेकणार आहेस?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

पिचरचं काम साधं असतं. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहायचं आणि टप्पा न पाडता बॉल समोरच्याच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून न्यायचा. त्याने तीनदा हुकवला की तो बाद. मी जिल्हा खेळलो, विद्यापीठ खेळलो, मग गुजरातेतल्या एका लीगने मला मानधन देऊन घेतलं. तिथून पुण्याकडच्या लीगमध्ये, तिथून दिल्लीकडच्या. एका संघाचे गणवेश शिवून येईपर्यंत संघच मोडला. दुसरीकडे माझ्या पाठीवर भलत्याचंच नाव छापलं होतं आणि लोक त्याच नावाने ओरडायचे. मीही हात हलवायचो.

अब्बांना यातलं काहीच पटत नव्हतं. एक दिवस ते नंदुरबारला गेले आणि सरांसमोर बसून त्यांनी अख्खं नियमांचं पुस्तक वाचून घेतलं. कोपराबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

"मंग हाऊ खेळच लबाड शे," म्हणाले आणि चहा न पिता उठले. सरांनी मला हे फोनवर हसत हसत सांगितलं. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या लीगचा एक सामना नंदुरबारला ठरला. नव्या संघाचा शर्ट उजव्या बाहीत काचत होता, म्हणून मी तो दुकानात टाकून आलो. सामन्याच्या सकाळी घडी करून ठेवलेला मिळाला. अंगात घातला आणि हात वाकवून बघितला. कोपराजवळची शिवण उसवून अब्बांनी आत दोन बोटं जादा कापड घातलं होतं. हात वाकायला जागा केली होती. ते मशीनवर मान खाली घालून काज करत बसले होते. मी तोच शर्ट अंगात ठेवून सामन्याला निघालो.

दुपारी ते पहिल्या रांगेत येऊन बसले. माझ्या पहिल्याच बॉलला त्यांचा उजवा हात सवयीने आडवा गेला आणि शेजारच्या गृहस्थांचा चहा सांडला. दुसऱ्या बॉलला त्याच गृहस्थांची टोपी उडाली. गृहस्थांनी खुर्ची उचलून लांब नेली. नंतर बघतो तर अब्बा उजवा हात मांडीखाली दाबून बसलेले. उरलेला सगळा सामना ते तसेच बसले. दर बॉलला खांदा उडायचा, पण हात सुटायचा नाही.

शेवटचा गडी दोनदा चुकला. आता एक बॉल. पिचरने बॅटवाल्यामागे बसलेल्या कॅचरच्या खुणा बघायच्या असतात, मी अब्बांची मांडी बघत होतो. कॅचर वैतागून ओरडला तेव्हा कुठे मी बॉल सोडला, कोपर वाकेल तेवढं वाकवून. समोरच्याची बॅट हवेतच फिरली. बॉल ग्लोव्हमध्ये धप्पकन बसला आणि अब्बा उभे राहिले. मांडीखालचा हात बाहेर आला.

हात आडवा गेला नाही. सरळ वर गेला, एक बोट आभाळाकडे करून, क्रिकेटमध्ये बाद देतात तसा.

"चाचा, हाई क्रिकेट नही शे," मागून कोणीतरी ओरडलं.

"आउट शे!" अब्बा त्याच्यावर खेकसले. "मन्हा पोऱ्याना बॉल शे."

आणि तो गडी बॅट घेऊन मैदानाबाहेर जाईपर्यंत त्यांनी बोट खाली घेतलं नाही.