हुंकार थांबला की आजोबा वर येत

आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात तेव्हा गणपतीतली एक संध्याकाळ जुन्या गोष्टींची असायची. सांगणारा कोणीही असो, हुंकार द्यायचा मान मात्र मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकीचा. तिचा "हं" आला की पुढे जायचं. नाही आला, तर वाक्य दुरुस्त करायचं.

त्या वर्षी मी मोहल्ल्याच्या विहिरीची गोष्ट घेतली. हेतू शुद्ध नव्हता. माझ्या मुलीला पाहायला आलेले उमरेडचे पाहुणे समोर सतरंजीवर बसले होते. मुलगी पसंत होती, पण मुलाच्या वडिलांचा होकार अडला होता. विहिरीचं पाणी आमच्या आजोबांनी काढलं, हे मी त्यांना दुपारी पोह्यांबरोबरच वाढलं होतं.

"खणता खणता काळा दगड लागला."

"हं."

"सगळे हात टेकून वर आले."

"हं."

"तेव्हा आमचे आजोबा दगड फोडायला सब्बल घेऊन खाली उतरले."

काकी सुपारी कातरत राहिली.

"म्हणजे, ते दोर धरून काठावर उभे होते," मी म्हणालो.

सुपारी.

"गर्दीत होते."

काकीने मान वर केली. "थांबला काहून गा? सांग नं. मी ऐकूनच राहिली."

मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबाले घरी तरी जाऊ दे रे!" लोक हसले. बायको पदराचं टोक बघत बसली.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "आमचे आजोबा घरी झोपले होते."

"हं!" इतका दणदणीत हुंकार काकीने आजवर कोणाला दिला नव्हता.

मग विहिरीला पाणी लागलं. दगड दुसऱ्याच कोणाच्या तरी आजोबांनी फोडला. मी ते प्रामाणिकपणे सांगितलं, पर्याय नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मुलाच्या वडिलांनी मला मंडपाच्या खांबाशी गाठलं. स्थळ गेलं, असं धरून मी त्यांना उमरेडच्या शेवटच्या बसची वेळ सांगायला लागलो.

"बस जाऊ द्या," ते म्हणाले. "दुपारपासून मले भेवच वाटून राहिलं होतं. एवढ्या पराक्रमी घरची पोरगी, आमच्या घरी कशी निभंल? आमचे आजोबा बी असेच होते. काई बी होवो, झोपलेले."

मी त्यांचा हात हातात घेतला. बायको लगेच साखर आणायला गेली. माझ्या खानदानाबद्दल मी आणखी काही बोलायच्या आत तिला त्यांचं तोंड गोड करायचं होतं.