पडवळाचा दगड

जगातल्या झाडून सगळ्या सजीवांशी ज्याचं बोलणंचालणं आहे असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझे मामेसासरे. उभी हयात त्यांनी बोटीवर खलाशी म्हणून काढली. चहूकडे पाणी, हिरवं पान नजरेला पडायची पंचाईत. त्याचा वचपा ते लांज्याजवळच्या आपल्या परसात आजतागायत काढत आहेत. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझी ओळख आधी फणसाशी करून देण्यात आली, मग जास्वंदीशी, मग विहिरीतल्या कासवाशी. मामींची पाळी येईपर्यंत चहा थंड झाला होता. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. मामांनी तो शेणखताची बादली हातात देऊन केला. "जावयबापू, तुमच्या हातनं पडू दे. झाडांना बरं वाटंल," म्हणाले.

माकडांनी गावाला जेरीस आणलं तेव्हा लोकांनी फटाके आणले. मामांनी कुंपणाबाहेर माकडांसाठी निराळी काकडी लावली. माकडांनी आतली काकडी फस्त केली आणि स्वतःच्या वाट्याच्या काकडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मामी संतापल्या. मामा म्हणाले, "आधी घरातलं खातायत. बाहेरचं कुठं पळून जातंय?" श्रावणात ते मला सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळाच्या पठारावर, फुलं दाखवायला न्यायचे. फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून चपला हातात घेऊन इतके वाकडेतिकडे चालायचे की लांबून बघणाऱ्याला भलताच संशय यावा. सीतेच्या आसवांचं निळं फूल दिसलं की उकिडवे बसायचे, ते उठायचं नाव नाही. माझी भूक, माझी पाठ, माझी परतीची एसटी, कशाचीच त्या इवल्या फुलापुढे मातबरी नसायची.

पण त्यांचा खरा जीव पडवळाच्या मांडवात. पडवळ सरळ वाढावं म्हणून शेंड्याला सुतळीने दगड बांधायचा, हे आमच्याकडे घरोघर चालतं. मामांची गाठ मात्र बोटीवरची, वादळातही न सुटणारी. मागे एका भाद्रपदात मी दगडांची टोपली धरून उभा होतो. एकाला दगड बांधून झाल्यावर मामा म्हणाले, "हे पडवळ जरा गार लागतंय हो." तेवढ्यात ते पडवळ दगडासकट वर चढायला लागलं. तो हरणटोळ होता, वेलीसारखा हिरवा, बारीक, लोंबकळणारा साप. हरणटोळ माणसाची टाळू फोडतो अशी आमच्या भागात पक्की समजूत. मागे उभ्या असलेल्या मामी माझ्या हातातली टोपली हिसकावून, दगड माझ्या पायावर ओतून, ती डोक्यावर पालथी घालून घरात पळाल्या. मामांनी सापाला हलकेच धरलं आणि "चुकलं बाबा, माझं चुकलं," असं पुटपुटत गाठ सोडवली.

गाठ सोडवताना त्यांचे डोळे गाठीकडे नव्हतेच. ते भलतीकडेच, फणसाच्या दिशेला लागले होते. साप पानांत गेल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, तुम्हाला दिसत नाही का?"

"एक डोळा गेलाय. दुसरा वाटेवर हाय. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाय म्हणतात." मग खालच्या आवाजात म्हणाले, "हिला बोलू नका. मला सड्यावर जायला द्यायची नाय."

मला फार वाईट वाटलं. मामींना अर्थात सगळं आधीच ठाऊक होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, "जाऊ देत. पण तुम्ही संगती जा." तेव्हापासून दर श्रावणात मी रत्नागिरीहून जातो. आता मी पुढे, मामांचा हात माझ्या खांद्यावर, चपला दोघांच्याही हातात. मी सांगतो, "मामा, निळी फुलं आली आहेत." ते विचारतात, "निळी म्हणजे कशी?" मी अडतो. ते मला नीट बघायला लावतात.

मांडव काही त्यांनी सोडलेला नाही. फक्त शेंड्याला हात लावण्याआधी थांबतात आणि म्हणतात, "पडवळ असशील तर ऱ्हा, टोळ असशील तर सरक." शेजारी उभं राहून मी आधीच पाहून ठेवलेलं असतं. यंदा न राहवून म्हणालो, "मामा, पडवळच आहे ते. मी असताना कशाला विचारता?"

त्यांनी हातातला दगड जरा तोलला.

"तुम्ही हाय, ते ठाव हाय मला. पण ही झाडं-जनावरं मला आता दिसत नायत. माझा आवाज तरी त्यांच्या ध्यानात ऱ्हावा."