राणीच्या श्वासांचा कागद

संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारते, "आज काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही." सांगायचंही त्राण नसतं हो! जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से असे न सांगताच साठत जातात.

परवा तळेऱ्याचा एक गडी खोकणारा कुत्रा घेऊन आला. "घशात काटो अडाकलो आसा." तीन दिवस त्याला भाताचे गोळे गिळायला लावत होता. काटा कुठला? हृदयाची झडप गळत होती, त्याचा खोकला! कुत्र्याचं वजन मात्र वाढलं होतं.

एका बाईंना बजावलं, हृदयाच्या कुत्र्याला मीठ बंद. पंधरा दिवसांनी कुत्रा पुन्हा धापा टाकतोय. गोळी कशातून देता? "खाऱ्या बांगड्यातून." अहो, मीठ! "मीठ मी घालूक नाय, ता बांगड्यात आधीच होता!"

मी कपाळाला हात लावला. हल्ली तो तिथेच असतो.

आबा आणि माई त्यांची म्हातारी पॉमेरियन राणी घेऊन आले, तेव्हा समजावलं, "विहिरीच्या पंपाचा फुटवॉल गळला की पाणी मागे येतं, तसं हिचं रक्त मागे येतंय."

आबा म्हणाले, "मगे वायसर बदला नि मोकळे व्हा!"

दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढून आबांनाच राणीपेक्षा जास्त धाप लागली होती. म्हटलं, "तुम्हीही डॉक्टरला दाखवा."

"माका कित्याक? माका शेपटी खंय आसा!"

माईंना सांगितलं, राणी झोपली की मिनिटाचे श्वास मोजा. तीसच्या वर गेले की लगेच फोन. दर शनिवारी माई कागद आणायच्या. सव्वीस, अठ्ठावीस, एकोणतीस. औषध वाढवून वाढवून किती वाढवणार? शनिवार आला की मला धास्ती वाटायची, खरंच सांगतो.

गेल्या शनिवारी कागदावर मंगळवारपासूनचे आकडे. चोवीस, तेवीस, चोवीस.

"माई, औषध लागू पडलं!" मी खुर्चीतून उठलोच.

"राणी सोमवारी गेली, डॉक्टरांनू."

"मग हे?"

"ह्येंचे. दुपारचे पडतत, तेव्हा मोजतंय." माईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तीसच्या वर गेले तर फोन खंय करूचो, तेवढा हेच्यार लिवन देवा."