न धुतलेला स्वेटर

गल्लीच्या टोकाला लाँड्री चालवणाऱ्या बाईंचं वासाशी वैर होतं. तीस वर्षं लोकांच्या कपड्यांतला घाम, सिगारेट आणि दवाखाना काढून टाकण्यात गेली होती. दुकानामागच्या दोन खोल्यांतही साबण आणि गरम इस्त्रीखेरीज कशालाच थारा नव्हता. चार महिन्यांपूर्वी त्यांच्याजवळच राहणारी थोरली बहीण गेली, तेव्हा तिच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं बाईंनी तिसऱ्याच दिवशी उकळून काढलं.

बहिणीची मांजर तेवढी राहिली. करडी, बारा वर्षांची. तिला सगळे म्हातारी म्हणत. रोज तीनच्या सुमाराला ती उठायची, शेपूट ताठ करून रिकाम्या पलंगापाशी जायची आणि जिथे बहिणीचा हात लोंबत असे, नेमकं तिथे हवेत डोकं घासायची. घुरघुरायचीसुद्धा. बाई तेवढा वेळ दुकानात येऊन झालेल्याच कपड्यांना पुन्हा इस्त्री करत.

भाचीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला, हे बघवेना. तिने एक पिल्लू आणलं, मुठीएवढं, पांढरं.

"मावशी, म्हातारीला सोबत होईल."

"तिने मागितली होती का सोबत? परस्पर सोयरीक जुळवून मोकळी!"

म्हातारी फिस्कारली, कपाटावर चढली आणि खाणं सोडून बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लाच्या अंगाखालचं फडकं तिच्या ताटलीखाली घाला, वासाची ओळख होऊ द्या. बाईंनी रोज फडकं घातलं. म्हातारीने रोज तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी भाचीने फडकं उचलून हुंगलं.

"मावशी, हे धुतलंस तू?"

"मग! घाण झालं होतं. इस्त्रीपण केलीय."

भाचीने कपाळावर हात मारला.

डॉक्टर फोनवर तुटकच बोलले. "बाई, तीन दिवस उपाशी म्हणजे हातचं जाईल मांजर. तिला ज्या माणसाचा लळा आहे, त्याचा अंगावरचा कपडा आणा. पिल्लाला त्यात गुंडाळा."

बाईंनी फोन ठेवला, इस्त्रीचा प्लग काढला. आत जाऊन ट्रंकेच्या तळातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिचं तोंड दोरीने दोनदा बांधलेलं होतं. आत बहिणीचा राखाडी स्वेटर होता, शेवटच्या आठवड्यात अंगात असलेला.

भाची बघतच राहिली. "हा नाही धुतलास?"

"राहून गेला."

गाठ सुटली. केसांचं तेल, खोकल्याचं औषध आणि त्यांच्या तळाशी आणखी काहीतरी. खोलीत बहीण येऊन उभी राहिली. भाची भिंतीला टेकली.

"मावशी, बाहीचा तुकडा कापून घेऊ या का? बाकीचा राहील."

"एक टाका कापला की सगळा उसवतो."

बाईंनी पिल्लू स्वेटरमध्ये गुंडाळून जमिनीवर ठेवलं. ते घाबरून ओरबाडू लागलं. म्हातारी कपाटावरून उतरली. जवळ आली, पण पिल्लाकडे तिने पाहिलंच नाही. तिची नजर हातभर वर होती, स्वेटर घालून कुणी बसलं असतं तर चेहरा जिथे आला असता तिथे. बाईंनीही तिकडे पाहिलं. पाहायला नको होतं असं त्यांना वाटलं.

मग म्हातारीने मान खाली घातली आणि चाटायला सुरुवात केली. आधी बाही, मग गळा, मग गळ्यातून बाहेर आलेलं पिल्लाचं डोकं. तासभर तिने दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी ताटलीतलं अर्धं खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्यावर पिल्लू तुटून पडलं तरी फिस्कारली नाही.

"जिंकलो गं!" भाची म्हणाली.

बाईंनी स्वेटर उचलला. लाळेने तो ओला झाला होता. छातीजवळ, बाहीवर, शेवटी कॉलरच्या आतल्या शिवणीवर त्यांनी नाक नेऊन पाहिलं. सगळीकडे पिल्लाच्या मुताचाच वास येत होता.

"आण इकडे, भिजत घालते," भाची म्हणाली.

"थांब," बाई म्हणाल्या, आणि कॉलरची दुसरी बाजू उलटून हुंगू लागल्या.