दम घिऊ दे की तिला

फिल्टरच्या तोंडाशी तळहात धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बघ, कशी ओढतीया!" आमच्या चंदीगडच्या कॉलनीत बायका एकमेकींच्या बाळांचे गाल ओढत, तर ही माझी शेजारीण मोटरसायकलचा श्वास तपासायची.

कोल्हापूरकडची. मोठ्या इस्पितळात नर्स. नवरा हवाई दलात, लेहला. जाताना गाडी हिच्या हवाली करून गेला आणि कशाला हात लावू नकोस म्हणून बजावून गेला. पंजाबातले दहशतवादाचे ते वाईट दिवस. आज बंद, उद्या कर्फ्यू, बसचा भरवसा नाही, चौकाचौकात पोलिसांचे नाके. तरी वॉर्डात हिची ड्यूटी कधी बुडाली नाही, ती या गाडीमुळे. शेजारच्या विद्यापीठात मी पदार्थविज्ञान शिकवायची आणि रोज हिच्यामागे बसून जायची. मी पुण्याहून नुकतीच आलेली नवी नवरी, कडक स्टार्चची साडी, पर्स छातीशी घट्ट. ती मुलगी आज मला भेटली, तर आधी एक चिमटा काढीन.

एका रविवारी हिने गाडीचा हवेचा डबा काढला. इंजिनाला हवा गाळून देणारा, मूळचा बंद डबा. त्याच्या जागी जवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारातून आणलेला उघडा, निमुळता फिल्टर बसवला. "नाक चोंदल्यागत पळतीया बिचारी. दम घिऊ दे की तिला."

मी पायरीवर बसून व्याख्यान दिलं. जास्त हवा, म्हणून जास्त ज्वलन, म्हणून जास्त ताकद. खडू असता तर भिंतीवर आकृतीही काढली असती. जास्त हवेला जास्त पेट्रोलही लागेल, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. रिकाम्या डब्यात तिने कोथिंबीर पेरली.

सोमवारी गाडी खरंच उधळली. मटका चौकातल्या नाक्याशी तिने वेग कमी केला, आणि सायलेन्सरमधून आवाज निघाला. फट्ट. फट्ट.

जवान वाळूच्या पोत्यांआड आडवे. बंदुका आमच्याकडे. मी गाडीवरून कधी उतरले मला माहीत नाही. सापडले ती कडेच्या झुडपात, हातात एक चप्पल. ती मात्र सीटवरच, दोन्ही हात वर. "गोली नहीं जी. पेट बिगडा है इसका."

नाक्यावरचे सरदारजी इन्स्पेक्टर हसले नाहीत. "बीबीजी, मेरे मुंडे डरे हुए हैं. अगली बार पूछेंगे नहीं." मुंडे म्हणजे पोरं, त्यांचे ते जवान. जुना डबा बसवा, नाहीतर पायी या, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

कॉलनीनेही तेच सांगितलं, आणि सगळ्यात आधी मी. कोथिंबीर उपटली की काम झालं असतं. पण ती इरेला पेटली. "एकदा मोकळा दम दिला. आता परत नाक दाबू व्हय?"

मग ती पायी ड्यूटीला जाऊ लागली. संध्याकाळी येऊन कार्ब्युरेटर उघडायची, मोठ्या छिद्राचं जेट घालायची, म्हणजे पेट्रोल जास्त सुटावं. मागच्या गल्लीत एक फेरी, की लगेच प्लग काढून त्याचा रंग बघायचा. पांढरा आला तर पेट्रोल कमी, काजळासारखा आला तर जास्त. पाहिजे होता चहाचा रंग. गरम प्लग धरायला माझा पदर. स्टार्चच्या साड्यांची वासलात लागली, आणि खरं सांगते, इतकं मन लावून मी एम.एस्सी.सुद्धा केलं नव्हतं.

शेवटी प्लग चहाच्या रंगाचा आला. पण खरी परीक्षा नाक्यावर. ती आधी चालत जाऊन इन्स्पेक्टरना सांगून आली, की उद्या सकाळी गाडी आणते. वाजली तर तिथेच तुमच्यासमोर कान धरते आणि डबा बसवते.

सकाळी मी मागे बसले, तर म्हणाली, "उतर मास्तरणी. आज माझी मी जाते."

"नाही उतरत. माझ्या चार साड्या लागल्यात या गाडीला."

तिने किक मारली.

नाक्याजवळ पोत्यांवर बंदुका टेकलेल्या. तिने मुठीवरचा हात सैल केला. मी डोळे मिटून तिची पाठ धरली होती. गाडी हळू होत गेली. धक, धक, धक. बाकी काही नाही. इन्स्पेक्टर पुढे आले, वाकले, फिल्टरशी तळहात नेला. "साह चंगा लैंदी ए," म्हणाले. श्वास चांगला घेते. तिची मान अशी ताठ झाली, की मला पुढचं काही दिसेना.

त्यानंतर त्या उघड्या फिल्टरची घरघर दुरून ऐकू आली, की नाक्यावरचा आडवा बांबू आधीच वर जायचा. नवरा सुट्टीवर आला, डबा गायब बघितला, एक मोठी चक्कर मारून आला आणि म्हणाला, "कोथिंबीर बरी आलीया."

मग त्याची बदली आसामात जोरहाटला झाली. गाडी रेल्वेत चढली, मागोमाग ती. डबा कोथिंबिरीसकट माझ्या दारात.

दुसऱ्या सकाळी मी चालत निघाले. मटका चौकात रस्ता रिकामा होता, तरी बांबू वर गेलेला. तिची वेळ झाली होती. दोरी धरलेला जवान माझ्यामागे लांबवर बघत म्हणाला, "बीबी नहीं आई?"

पोस्टिंग आली, म्हटलं. त्याने बांबू खाली घेतला नाही. मी पर्स खांद्यावर टाकली आणि त्याच्याखालून, तिच्यासारखी मान ताठ करून, सावकाश चालत गेले.