सागरगोट्याचा चटका

ॲक्युपंक्चर शिकून आले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. पनवेलला तळ्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. त्याची रस्त्याकडची खोली मोकळी केली, एक रेक्झिनचं टेबल टाकलं, पडदा लावला आणि दारावर पाटी टांगली. विमानतळ येणार, येणार अशी तेव्हा नुसती चर्चा होती. तळोज्याच्या कारखान्यांत पाळ्या करून कंबर धरलेले लोक माझ्याकडे येत, ओवे गावाकडून गुडघे धरलेल्या बायका येत. सुया लावल्या की वीस मिनिटं निमूट पडून राहत, एखादा तर चक्क घोरायचा. माझं बरं चाललं होतं, आणि हे काम आपल्याला येतं असं मला वाटायला लागलं होतं.

अशात एका दुपारी एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मोहल्ल्यातलं कोकणी मुसलमान घर, नवरा ओमानला नोकरीला. तो गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, आणि त्यानंतर महिन्याभरातच ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली होती.

"सगळ्या टेस्ट झाल्या, मॅडम," आई म्हणाली. "मुलांचे डॉक्टर म्हणतात, आजार काहीच नाही, मोठी झाली की थांबेल. पण दोन महिन्यांनी माझ्या बहिणीची शादी आहे, उरणला. चार दिवस राहायचंय. मागच्या ईदला तिकडच्या पोरांनी हिला इतकं चिडवलं, की आता ही म्हणते, मी येणारच नाही."

मुलगी फ्रॉकच्या खिशात हात घालून आतलं काहीतरी खुळखुळवत होती.

माझ्याकडे त्याआधी लहान मूल आलंच नव्हतं. वर्गात मुलांबद्दल दीड पान शिकवलं होतं: बारीक सुई वापरावी, कमी खोल घालावी. मी सगळ्यात बारीक सुया काढल्या. मुलीला टेबलावर झोपवलं आणि मोठ्यांना म्हणते तेच म्हणाले, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

ती म्हणाली, "मुंगी चावली तर मी झटकते. ही झटकता येईल?"

मी हसले. उत्तर दिलं नाही. आईला खूण केली, आईने तिचे दोन्ही हात धरले, आणि मी पायाच्या घोट्यावर एक सुई लावली. एकच. ती ओरडली नाही, रडली नाही. छताकडे बघत ताठ झाली आणि टेबलावरच तिला लघवी झाली. रेक्झिनवरून ओघळ खाली फरशीवर आला.

आईचा हात उठला. मी तो वरच्या वर धरला. "तिला नका मारू," मी म्हणाले, "चूक माझी आहे." सुई काढली. घरातून माझ्या मुलीचा जुना परकर आणला, टॉवेल आणला. आई शरमेने खाली बसून ओढणीच्या टोकाने फरशी पुसायला लागली, तिला उठवलं आणि मीच बादली आणून सगळं पुसलं. त्या दोघी गेल्यावर बाहेर बाकावर गुडघेदुखीची एक बाई थांबली होती, तिला मी आज जमणार नाही म्हणून परत पाठवलं. ज्या गोष्टीची त्या पोरीला सगळ्यात जास्त लाज होती, ती मी तिच्याकडून भरदिवसा, परक्या माणसासमोर करवून घेतली होती. सुईची टोचणी तिला मुळात कितीशी झाली असेल! हात धरले, विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही, ती टोचणी मोठी होती.

त्या संध्याकाळी मी माझ्या सरांना फोन केला. ठाण्याला राहायचे, सत्तरीचे होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खरं सांगू? मुलं मीही फारशी पाहिलेली नाहीत. पण जपानकडे लहान मुलांना सुई टोचतच नाहीत असं वाचलंय. गुळगुळीत काहीतरी घेऊन कातडीवरून नुसतं फिरवतात, हलकं थापटतात. आणि मोठ्यांना वीस मिनिटं लागतात तिथं मुलाला पाच पुरतात, हे लक्षात ठेव. त्याहून जास्त मला माहीत नाही. तूच करून बघ आणि मला कळव."

मी करून बघायला लागले. चहाच्या चमच्याची पाठ घेतली आणि स्वतःच्या हातावरून फिरवली, पण दाब किती द्यायचा ते कळेना. मग एक पिकलेला चिकू घेतला. त्याच्या सालीला धक्का न लावता चमचा फिरवता आला पाहिजे, असं ठरवलं. पहिले चार चिकू घरच्यांना शिकरणासारखे खावे लागले.

आठवड्याने मी मुलीच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "ती यायला तयार नाही, मॅडम."

"टेबलावर झोपवणार नाही. सुया कपाटात कुलपात असतील. नुसती येऊन बसू दे."

आल्या दोघी. मी जमिनीवर चटई टाकली होती. मुलगी दाराशीच उभी राहिली. मी तिला म्हणाले, "त्या दिवशी मी तुला नीट विचारलं नाही. माझं चुकलं." आठ वर्षांच्या मुलीची माफी मागताना जीभ जड होते, हे मला त्या दिवशी समजलं. तिने टेबलाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि विचारलं, "चावी कुठंय?" मी चावी तिच्या हातात दिली. मग ती चटईवर बसली.

खिशातून तिने जे काढलं ते सागरगोटे होते. पाच, करडे, टणक, वापरून वापरून तुळतुळीत झालेले. आम्ही खेळलो. मी लहानपणी बरी खेळायचे, पण तिने मला सरळ हरवलं. खेळता खेळता तिने एक सागरगोटा फरशीवर जोरजोरात घासला आणि काही कळायच्या आत माझ्या मनगटाला टेकवला.

"आई गं!" मी किंचाळले.

ती हसली. अशी हसली की आडवी झाली. "आता झटका!" म्हणाली.

तिची आई घाबरून "अगं बाई, मॅडमना चटका?" म्हणत पुढे आली, पण मीही हसत होते. मनगटावर लाल ठिपका उठला होता. फिट्टंफाट झाली होती, आणि ती आम्हा दोघींना कळली होती.

मी तो सागरगोटा हातात घेऊन बघितला. चमच्यापेक्षा कितीतरी चांगला होता. गोल, गुळगुळीत, चटईवर हळू घासला तर नुसता कोमट होणारा. आम्ही मोठ्यांना शेक देण्यासाठी एक वनस्पती जाळतो, तिचा धूर होतो, मुलांना तो सोसत नाही. इथे ऊब मुलीच्या खिशातच होती.

"हा मी तुझ्या पाठीवरून फिरवू?" मी विचारलं.

"आधी मी तुमच्या."

तिने माझ्या पाठीवरून फिरवला. मग मी तिच्या. आमचं ठरलं, की ती "बस" म्हणाली की हात तिथल्या तिथे उचलायचा. पहिल्या दिवशी तिने सात-आठ वेळा "बस" म्हणून पाहिलं, मी खरंच थांबते का ते बघायला. मी प्रत्येक वेळी थांबले. त्यानंतर तिला ते फारसं म्हणावं लागलं नाही.

ॲक्युपंक्चरमध्ये एक छान गोष्ट आहे. जागा मोजायची ती पट्टीने नव्हे, ज्याचं अंग त्याच्याच बोटांनी. घोट्याच्या आतल्या बाजूला हाडापासून चार बोटं वर एक जागा आहे, ती मी मुलीला तिचीच चार बोटं लावून शोधायला सांगितली. तिला सापडली. "इथं दाबलं की आत गुदगुल्या होतात," ती म्हणाली. माझ्या पुस्तकात त्या जागेचं वर्णन अर्धं पान होतं, पण त्यात हे नव्हतं.

आठवड्यातून दोनदा त्या येत. तिसऱ्या आठवड्यात मीच घोळ घातला. पाच-सहा सकाळी कोरड्या गेल्या होत्या, त्या आनंदात मी पाच मिनिटांऐवजी चांगली वीस मिनिटं पाठ, पोट, पाय सगळं करत बसले. दुसऱ्या दिवशी आईचा फोन: मुलगी दिवसभर चिडचिडी, जेवली नाही, अंथरूणही ओलं. सरांचं बोलणं आठवलं आणि मी समोर घड्याळ ठेवायला लागले. पाच मिनिटं झाली की संपलं. पुढे पुढे तर तीनच.

ओव्याची गुडघेवाली मावशी एकदा पडद्याआडून हे बघत होती. म्हणाली, "आमाला सुया नि हिला गोट? आमी काय पाप केलाय गो?" मग तिच्याही गुडघ्यावरून मुलीने सागरगोटा फिरवला. मावशी डोळे मिटून मुलीला म्हणाली, "बरा वाटतंय. पन तुज्या हातानं, हिच्या नाय."

लग्नाचा दिवस आला तेव्हा आठवड्यातल्या पाच सकाळी कोरड्या जात होत्या. नेमकं कशाने, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. आईने सकाळी ओरडायचं सोडलं होतं. बापाचा दर शुक्रवारी फोन यायला लागला होता आणि तो आधी मुलीशी बोलायचा. ती वाढतही होती. मुलांच्या डॉक्टरांचंही खरं असेल. माझा वाटा असेल तर असो, पण सगळं श्रेय माझं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मुलगी उरणला गेली. परत आल्यावर हातभर मेंदी दाखवायला धावत आली. मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

"एक दिवस झालं."

"मग?"

"खाला, तीच नवरी, सगळ्यांच्या आधी उठली होती. तिनं चादर गुंडाळली आणि सगळ्यांना म्हणाली, माझ्या मेंदीचा डाग पडला, धुवायला टाकते." मग चार बोटं दाखवत, "बाकी तीन दिवस नाही झालं. मी रोज चार बोटं मोजून दाबत होते."

स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत भाचीची अब्रू राखणाऱ्या त्या नवरीला मी कधी पाहिलं नाही. पण आजही तिचा विचार आला की बरं वाटतं.

वर्षभराने त्या मायलेकी ओमानला मुलीच्या बापाकडे राहायला गेल्या. जाण्याआधी आई भेटायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "पहिल्या दिवशी तसं झाल्यावर तुम्ही परत आलात कशा?"

ती म्हणाली, "घरी गेल्यावर पोरगी म्हणाली, अम्मी, त्या मॅडमनी माझ्यासाठी तुझा हात धरला. मग मला वाटलं, इथं पुन्हा यायला हरकत नाही."

त्यानंतर बरीच मुलं आली. खोकल्याची, पोट दुखणारी, परीक्षेआधी उलट्या होणारी. शनिवारची दुपार मी त्यांच्यासाठी राखून ठेवली. आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवून या, असं प्रत्येक आईबापाला सांगायचं आणि टेबल भिंतीला लावून चटई टाकायची, एवढं ठरून गेलं. काही मुलांना गुण आला, काहींना नाही. पण हात धरून कुणाला झोपवलं नाही.

सरांना कळवायचं राहिलं होतं. एका रविवारी ठाण्याला गेले आणि जे जे केलं होतं ते सगळं सांगितलं, चिकूसकट. सर उठले, चष्मा लावला, त्यांची जाडजूड वही उघडली आणि पेनाचं टोपण काढून म्हणाले, "पहिल्यापासून सांग. सावकाश. मी लिहून घेतोय."

मी सांगत गेले. मधेच ते लिहायचे थांबले आणि आपला म्हातारा पाय स्टुलावर ठेवून, घोट्याच्या हाडापासून स्वतःची चार बोटं लावून बघायला लागले. "खरंच की," ते म्हणाले, "गुदगुल्या होतात."